दोन पाळ्यांच्या मधलं व्हिएन्ना

नाही, नाही, शटर अर्धंच राहू द्या, माणिकप्पाकाका — उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून सगळा बाजार बंद, आणि तुमचंच तिकिटांचं दुकान उघडं दिसलं तर पोरं काचा ठेवतील का? मी? मी मोर्चात आहे ना. म्हणजे असायला हवं होतं. घोषणाही मीच लिहून दिलीय — ‘कचेरी लातूरला, रेल्वेचं पाणी लातूरला, उदगीर काय वाऱ्यावर?’ — यमक काही जुळलं नाही, पण ओरडतायत बिचारे. मी मागच्या गल्लीतून सटकले. आईला सांगू नका. बाबांना बोधगयेला तुम्हीच नेलं होतं, घरचेच आहात, म्हणून आले.

तर — व्हिएन्ना. ऑस्ट्रियाची राजधानी. हो, हैदराबादहून. फक्त फिरायला, चार दिवस. चारच! जास्त राहिलं तर तिकीट स्वस्त पडतं, ठाऊक आहे मला, पण दर आठव्या दिवशी आमच्या गावात टँकर येतो. पाळीनं पाणी मिळतं, आणि नियम असा की ज्या घरची पाळी त्याच घरच्या माणसानं पाइपाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं भरलेलं चालणार नाही, पाळी चुकली की पुढच्या टँकरपर्यंत कोरडं. का म्हणजे? मोठ्या घरचे लोक गडी लावून दुसऱ्यांच्या नावानं पाणी नेत होते. आईचे गुडघे गेलेत, म्हणजे आमच्याकडून उभी राहणारी मीच. कुणी केला हा नियम? — मीच केला, काका. चावडीसमोर सगळं गाव बसवून, समतेवर भाषण देऊन. टाळ्याही पडल्या. आता त्याच नियमात बसवून युरोप बघायचाय — एका टँकरचं पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी उडायचं, पुढच्या टँकरच्या आदल्या दिवशी घागरीपाशी हजर. एवढा काटेकोर दौरा तिथल्या राजांनीही केला नसेल.

हसा, हसा. दोन वर्षं राहिले तिथं, शिष्यवृत्तीवर, पाण्याचं नियोजन शिकत — आणि बघितलं काय? राजवाडा, बाहेरून. संगीताचं ते मोठं थिएटर, तेही बाहेरून. तिकीट परवडायचं नाही, आणि वर तत्त्वाचा मुलामा — ‘राजेशाहीचा थाट मी बघणार नाही!’ गावात आले तर बायका विचारतात, काय काय बघितलं गं? मी सांगते, तिथं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नुसत्या उतारानं, पंप न लावता, शहरात नळाला येतं. इतक्यांदा सांगितलं, इतक्यांदा सांगितलं, की आता शेजारच्या गुणामावशी मला बघितलं की ओरडतात — ‘आली बघा व्हिएन्ना! काय गं, तुझं डोंगराचं पाणी कुठवर आलं? भालकीपर्यंत तरी आलं का न्हाई?’ लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दिवशी तर म्हणाल्या, ‘ह्या इंजनानं तुला मागं टाकलं बाई.’

म्हणून या वेळी राजवाडा आतून. आणि एक कॉफी — बसून, वेटरनं आणून दिलेली. व्हिसा नको, तिथं राहायचा परवाना आहे माझ्याकडे, महिनाअखेर संपतो, त्याच्या आत जायचं. सामान? दोन बॅगा, मोठ्या. — काय? पुस्तकं आहेत काही. आणि कोट. हिवाळ्याचा, जाड. हो, मे महिन्यात. तिथं मेमध्येही गारठा असतो. कधीकधी. — असं बघू नका ना, काका.

बरं. तिथल्या माझ्या प्राध्यापकबाईंनी नोकरीबद्दल बोलायला बोलावलंय. नुसतं बोलायला. जमलं तर परवाना तिथूनच वाढतो, मग परत यायची गरज — गरज म्हणजे — बघा, मी गावासमोर सांगितलंय, कायमची आले म्हणून. आई विहारात भेटेल त्याला सांगते, ‘लोकाच्या लेकी जात्यात, माझी परत आली.’ आणि वर्षभरात मी केलं काय? एक नियम! पाऊसच नाही तर नियोजन कशाचं करू, सांगा तुम्ही? कोरड्या विहिरीच्या काठावर बसून — थांबा, आईचाच फोन.

हं, आई. — मोर्चातच आहे. — घसा बसलाय सगळ्यांचा, म्हणून शांत वाटतंय. — काय? — कधी ठरलं? — बरं. — बरं, आई.

पाणी आहे का हो जरा? नको, राहू द्या, तुमच्याकडे तरी कुठलं. — आई म्हणते, सकाळी चावडीवर बैठक झाली. मला न बोलावता. नियम बदलला. ज्या घरी म्हातारं माणूस एकटं, त्याचं पाणी शेजाऱ्यानं भरायचं, बाकीच्यांनी लक्ष ठेवायचं. आमचं गुणामावशी भरणार. किती साधं, नाही? मला सुचलं नाही. आणि म्हणते, ‘कोट उन्हात घातलास तवाच कळलं मला. जा निवांत. लई दिस लागले तरी लागू दे.’

म्हातारं माणूस एकटं. मी अजून इथं तुमच्या खुर्चीत बसलेय, काका, आणि आमच्या घरी म्हातारं माणूस एकटं झालंसुद्धा.

नाही हो, रडत नाही, घसा बसलाय. — एकच बॅग करा. लहान. आणि तिकीट जाऊन-येऊनचं, परतीची तारीख टँकरच्या आदल्या दिवशीचीच. हो, ऐकलं ना मी, आता पाळी चुकली तरी चालतंय. म्हणूनच म्हणतेय — आता नियम म्हणून नाही, मला यायचंय म्हणून. बाईंना समोर बसून नाही म्हणते आणि मग ती कॉफी पिते.

चला, उचला शटर, मोर्चा इकडेच वळला. ऐका — घोषणा बदलली कुणीतरी. यमक जुळतंय. सरका, जाऊ द्या मला.