हात केला की थांबायचं

…न्हाई न्हाई, मी काय म्हणतो, मी कुणाला उडवलं का? कुणाच्या अंगावर घातली का? त्या ट्रॅकवरचं एक पिवळं डबडं जरासं कलंडलं, बस्स! तेबी म्या खाली उतरून परत उभं केलं, धूळ झटकली, "लागलं का रं बाबा" तेवढं म्हणायचं बाकी राहिलं… तर टेस्ट घेणारा तो साहेब, ज्याला अजून मिसरूड नीट फुटलं न्हाई, तो कागदावर टिचकी मारून मला म्हणतो, "काका, तुम्हाला गाडी येत नाही." मला! भागवतला! तुम्हाला सांगतो, आमच्या शिरूर अनंतपाळच्या पट्ट्यात कुणाची उसाची ट्रॉली चिखलात रुतली तर हाका कुणाला मारतेत? मला. दोन दोन ट्रॉल्या जोडून वढ्यातून काढल्यात म्या, कोपरानं स्टेरिंग दाबून अन् दोन्ही हातानं तंबाखू मळत! उभी जिंदगी ट्रॅक्टरवर गेली, बुडाला त्या शीटचा आकार आलाय, अन् मला म्हणतेत, गाडी येत न्हाई!

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं येतंय तर या वयात लायसनचं खूळ कशाला घेतलंय डोक्यात? अहो, खूळ माझं न्हाई. खूळ आमच्या इवायाचं. माझी लेक तनुजा मुदखेडला दिलीया, तिचे सासरे हणमंतराव. माणूस तसा देवमाणूस, पण मानाचा लई भुकेला. लेकीला दिवस गेलेले, सातवा लागला, पहिलं बाळंतपण, ते कुठं करतेत? माहेरी. घरी बायकोनं, सरजानं, डिंक-खारीक आणून डबे भरले, बाज विणून घेतली, धुरीचा कोळसासुद्धा बांधून ठेवला. म्या आपला फोन लावला मुदखेडला की इवाई, तनुजाला न्यायला येतो म्हणून. तर हणमंतराव फोनवर असे घसा खाकरून, एक एक शब्द मोजून, "भागवतराव… सून आमची… एस्टीचे हादरे खात येणार न्हाई. अन् तुमच्या ट्रॅक्टरवर तर अजिबात न्हाई. घरची गाडी आणा. चालवणारा लायसनवाला आणा. न्हाईतर राहू द्या, बाळंतपण हितंच करू. आमच्या घरी काय कमी हाय?"

काय कमी हाय! झोंबलं हो मला ते. अन् माझ्यापेक्षा सरजाला जास्त. कमरेला पदर खोचून उभी टाकली समोर. "पहिलटकरीण लेक सासरी बाळंत व्हणार? मग मी आई कशाला झाले? गाडी घ्या, लायसन काढा, काय बी करा, पण माझी लेक ह्या बाजंवर आली पाहिजे." आता सांगा, हिच्यापुढं कुणाचं काय चालतंय?

मग काय, गाडी घेतली. मुरुडच्या एका रिटायर मास्तराची पांढरी गाडी. मास्तरानं चालवली कमी अन् पुसली जास्त. लर्निंग काढलं, अन् लातूरला गुरुपादप्पाच्या ड्रायव्हिंग स्कूलमदी नाव घातलं. हा गुरुपादप्पा निलंग्याकडचा, लई शांत माणूस. गाडी बैलगाडीवर आदळायला चालली तरी आवाज चढवायचा न्हाई. पहिल्याच दिवशी मला हळूच विचारतो, "मालक, उजव्या हातानं काय शोधून राहिले?" म्हणलं, "रेस." अहो, ट्रॅक्टरला रेस हातानं लावून ठेवता येती, पाय मोकळा! मी हात घातला अन् काहीतरी खटका ओढला, तर उजव्या बाजूचा दिवा टिकटिक करून राहिला. तो बंद करायला डावीकडचा ओढला, तर काचंवर पाणी उडालं अन् ते दोन दांडे लागले खराखरा नाचायला. कडक ऊन, अन् माझ्या गाडीवर पाऊस! रस्त्यावरची पोरं टाळ्या वाजवून राहिली. गुरुपादप्पा म्हणतो, "असू द्या. काच साफ झाली."

अन् खरी गंमत पुढंच हाय. दर घटकंला माझी मान मागं. गुरुपादप्पा विचारतो, "मालक, मागं काय बघता?"

"ट्रॉली."

"मालक, मागं ट्रॉली न्हाई."

"ते मला म्हाईत हाय हो! मानेला म्हाईत न्हाई ना!"

तुम्हीच सांगा, इतक्या वर्सांची सवय, मागं ऊस सांडतोय का, कुणी पोट्टं लोंबकळलंय का, बघितल्याबिगर गाडी पुढं घ्यावी वाटंल का? अन् वळण घ्यायचं तर असं लांबून, ऐसपैस, मागच्या ट्रॉलीचं चाक खड्ड्यात जाऊ न्हाई म्हणून. त्या टेस्टीच्या ट्रॅकवर आठाचा आकडा काढलेला, पोराच्या पाटीवर काढतेत तसा बारका. त्याच्यात मी माझ्या हिशेबानं वळण घेतलं, नसलेल्या ट्रॉलीला जागा सोडून… तर ते पिवळं डबडं मधी आलं. आता त्या डबड्याची चूक की माझी? ऊस भरलेला असता अन् म्या आखूड वळण घेतलं असतं, तर सगळा ऊस त्या साहेबाच्या खुर्चीवर पडला असता, हे कुणी ध्यानात घेतंय का? अन् मला म्हणतेत, गाडी येत न्हाई!

बरं, झाली एक चूक. दुसऱ्यांदा गेलो. ह्या वेळेला मान अशी धरून ठेवली, आखडल्यावानी. आठ काढला. मागं घेतली. चढावर उभी केली, सोडली, सगळं बरोब्बर. साहेब खूश. म्हणला, "चला काका, आता रस्त्यावर चालवून दाखवा." तो शेजारी बसला कागद घेऊन, गुरुपादप्पा खालीच राहिला. गाडी निघाली. लई झ्याक चालली हो! अन् तेवढ्यात… रस्त्याच्या कडंला एक म्हातारी. डोक्यावर गाठोडं, पायात तुटकी चप्पल, ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. अन् म्हातारीनं हात केला.

आता आमच्याकडं हात केला की थांबायचं. ह्याच्यात विचार करायचं काय हाय? गाडीत जागा हाय, माणूस उन्हात हाय, अन् तुम्ही भुर्रकन निघून गेलात तर तुमचं तोंड बघंल का कुणी? गावात नाव निघतंय, "त्याची गाडी व्हय? ती थांबत न्हाई." असं नाव निघालेल्या माणसाच्या पोरीला स्थळबी येत न्हाई. म्या थांबवली. अगदी कायद्यानं, डाव्या बाजूला घेऊन, दिवा लावून! म्हणलं, "मावशी, कुठं जायचं?"

"गांधी चौकात सोड रं लेकरा, देव तुझं भलं करील," म्हणत मावशी गाठोड्यासकट मागं बसलीसुद्धा. अन् बसल्या बसल्या साहेबाच्या खांद्यावर हात ठिवून त्याला विचारती, "तू बी चौकातच उतरणार का रं बाळा?"

साहेबाचा चेहरा असा लालबुंद! "काका, ही टेस्ट आहे! तुम्ही प्रवासी काय घेताय?"

म्हणलं, "साहेब, प्रवासी कुठं, पैशे कुठं घेऊन राहिलो मी? म्हातारी हाय."

झालं. परत टिचकी कागदावर. म्हातारीला मात्र गांधी चौकात सोडली हो म्या, नापास व्हऊनबी सोडली. उतरताना मलाच म्हणती, "लेकरा, गाडी चांगली चालवतोस." बघा! जिला कळायचं तिला कळलं. अन् हे कागदवाले मला म्हणतेत, गाडी येत न्हाई!

घरी सरजा भांडी आपटून राहिली. मुदखेडहून तनुजाचा फोन, बारीक आवाजात, "अण्णा, मामंजी म्हणतेत, तुझ्या वडलाचं जमंना तर इथल्या दवाखान्यात नाव घालून टाकू का." पोरगी तिकडं रडकुंडीला आलेली, इकडं बाज रिकामी.

मग गुरुपादप्पानं मला चहाच्या टपरीवर बसवून समजावलं. "मालक, तिसऱ्या वेळेला एकच करायचं. समोर बघायचं. आरशात बघायचं. हात करणाऱ्याकडं बघायचं न्हाई. देव उभा टाकला तरी न्हाई."

म्हणलं, "देव उभा टाकला तरी?"

"मारुतीराया गदा घेऊन उभा टाकला तरी न्हाई. तो उडत येतो, त्याची फिकीर तुम्ही करायची न्हाई."

ठरलं. गेलो. आठ झाला, चढ झाला, रस्त्यावर आलो. तोच साहेब शेजारी. समोर बघून राहिलो. आरशात बघून राहिलो. अन् पुढच्या चौकाच्या अलीकडं कोण उभं टाकलेलं असंल? बोला! अहो, हणमंतराव! पुतण्याच्या क्लासच्या अ‍ॅडमिशनला लातूरला आलेले, पांढरे कपडे, डोक्याला टोपी, रिक्षाची वाट बघत. माझ्या गाडीचा फोटू तनुजानं दाखवलेला, त्यामुळं नंबरासकट वळखली त्यांनी. तोंडभर हसले. हात वर केला. अन् "ओ इवाई!" म्हणून असे रस्त्याकडं दोन पावलं पुढं आले.

माझी काय गत झाली असंल? ज्या माणसाला दाखवायसाठी हा सगळा खटाटोप, तो माणूस माझ्यासाठी हात वर करून उभा! पाय आपोआप ब्रेककडं चालला. अन् शेजारच्या साहेबाचा पेन कागदाकडं चालला. डोळ्याम्होरं ती रिकामी बाज आली… म्या दात आवळले, नजर समोर ठिवली, अन् इवायाच्या नाकासमोरून गाडी नेली. राम राम न्हाई, मान न्हाई, भुवईसुद्धा न्हाई. पण आरशात बघावं लागतंय ना, नियम हाय! आरशात बघितलं, तर त्यांचा हात तसाच वर राहिलेला. लई वाईट वाटलं हो मला, खरंच सांगतो.

साहेब म्हणला, "शाब्बास काका! आता येते तुम्हाला गाडी." आली म्हणे! चांगला माणूस टाळला तवा गाडी आली!

पळत गेलो परत त्या चौकात. इवाई गायब. फोन लावला, उचलंनात. लायसन हातात आल्यावर मुदखेडला गेलो, पेढे घेऊन, गाडी धुऊन. हणमंतराव खुर्चीत बसलेले. माझ्याकडं बघून म्हणतेत, "कोण? वळखलं न्हाई. गाडी आली की वळख ऱ्हात न्हाई म्हणतेत. आम्ही बी शिकून राहिलो."

हातापाया पडून सांगितलं, टेस्ट व्हती, साहेब शेजारी व्हता. तर म्हणतेत, "असली कसली टेस्ट, जिच्यात पाव्हणा दिसला तरी दिसला न्हाई म्हणायचं?" हाच माणूस लायसन आणा म्हणला व्हता! शेवटी म्हणले, "सुनंला पाठवतो. पण मी पुढं बसणार. तुमची टेस्ट आता मी घेणार."

अन् मग सुरू झालं. नांदेड सोडलं न्हाई तोच, "थांबवा. माणूस उभा हाय." लोह्याला, "थांबवा." नवरा-बायको अन् एक मोठा भोपळा. अहमदपूरच्या अलीकडं, "थांबवा." एक पैलवान गडी, बाजारातनं घेतलेल्या कोंबडीसकट. मी म्हणलं, "इवाई, जागा न्हाई." म्हणतेत, "जागा मनात लागती. न्हाईतर तुम्ही काय, सरळ निघून जाणारे." थांबवली. ज्या सुनंला एस्टीचे हादरे चालत न्हाईत, तिच्या मांडीवर भोपळा, पायाशी कोंबडी! पोरगी आरशातनं माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावून हसून राहिलेली. नळेगावात एकदाचे सगळे उतरले, अन् हणमंतराव टेस्ट घेऊन घेऊन दमले अन् घोरायला लागले.

म्या तिथंच शपथ घेतली. बास! आता कुणीबी हात करू दे, बघणार न्हाई. लेक सुखरूप घरी न्यायची, बस्स. ऊन कलतीला आलेलं, सरळ डोळ्यावर. समोर बघून राहिलो, आरशात बघून राहिलो. आमच्या वेशीजवळ एक बाई उभी, एका हातात ताट, दुसरा हात वर. म्हणलं, हिला काय विकायचं ते विकू दे. गेलो पुढं.

"अण्णा! आई हाय की ती!"

सरजा! भाकरतुकडा घेऊन, लेकीवरून ओवाळून टाकायला दुपारपासून वेशीत उभी! ब्रेक दाबला तवर गाडी पाराच्या पुढं. मान बाहेर काढून मागं घ्यायला लागलो, तर पारावरचं सगळं गाव एका आवाजात, "अण्णा, ट्रॉली सुटली का?"

सरजानं लेकीला ओवाळलं. रडली, हसली, पोटाशी धरलं. हणमंतराव डोळे चोळत जागे झाले, झाला प्रकार ऐकला, अन् माझा हात हातात घेऊन म्हणतेत, "पटलं इवाई, आता पटलं! तुम्ही घरच्या माणसालाबी थांबत न्हाई. मग आमची कसली तक्रार?" पोट धरून हसले. राग गेला. दोन भाकरी जास्त जेवले.

लेक घरी आली. बाज भरली. इवाई खूश. फकस्त सरजा माझ्याशी बोलत न्हाई. तवापासून मी वसरीवर बसून हात करून राहिलो… "अगं चहा"… हात वर, "अगं पाणी तरी"… समोरून जाती, सरळ समोर बघून. मान हलत न्हाई, भुवई हलत न्हाई. आरशात तेवढी बघती, कुंकू लावताना. नियम हाय. खांदा दुखून आलाय माझा हात करून करून. त्या साहेबाला कुणीतरी बोलवून आणा हो आमच्या घरी… पहिल्याच टेस्टीत पास करील तिला.