काकूंचा चहा आणि विलायती सिलॅबस

काय सांगू बे, आमच्या पत्रकारितेच्या कॉलेजनं विलायती सिलॅबस जसाच्या तसा उचलला. त्यात नियम होता, ज्याची मुलाखत घ्यायची त्याच्याकडे पाणीही प्यायचं नाही.

आमची विद्यार्थिनी वैष्णवी नळाले पाणी येत नाही ह्या बातमीसाठी बेसा नावाच्या वस्तीत गेली आन् चहा नको म्हणाली. घरच्या काकू भडकल्या, "माह्या घरचा चहा चालत नाही, त मंग माह्या घरची बातमी काहून पाह्यजे वं?"

पोरगी मुकाट्यानं चहा प्याली, झकास बातमी आणली आन् कॉलेजात चहाचंही खरं सांगून टाकलं. विभागप्रमुख तिले नापास करायले निघाले.

मी म्हटलं, "सर, उद्या आपलं कॉलेज तपासाले समिती येऊन राहिली. त्यांच्यासाठी सांगितलेले तर्री-पोहे रद्द करू?"

सर म्हणाले, "पोह्यावर चहापण सांग गा. आन् तो नियम खोड."