कस्तुराला पाजलेली पावडर

दि. १७ मे २०२५

भीमराज सखाराम ओव्हाळ, वय ५४, धंदा नोकरी (फोर्जिंग कंपनीत भट्टीवर), रा. कुरुळी, ता. खेड, जि. पुणे.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी, पत्नी कस्तुरा, वय ४९, व मुलगी साक्षी असे वरील पत्त्यावर राहतो. कस्तुराच्या दोन्ही किडन्या निकामी होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस व रोज ब्लडप्रेशरची गोळी चालू होती. डॉक्टरांनी नारळपाणी, केळी बंद केली होती. ते मी कटाक्षाने पाळले. शेजाऱ्यांनी आणलेले शहाळेही परत पाठवले.

उन्हाळ्यात कंपनी भट्टीवरच्या माणसाला शिफ्टला दोन पाकिटे पावडर देते. पाण्यात घालून प्यायची, घामाने गेलेली ताकद भरून येते. मी नुसत्या पाण्यावर भागवून पाकिटे घरी आणून साठवत होतो. डायलिसिसनंतर कस्तुरा फार गळून जाई. नारळपाणी नाही तर हे तरी, असे वाटले. नऊ दिवस रोज दोन पाजली. कंपनीची वस्तू, तिचे डॉक्टरांना काय विचारायचे, म्हणून विचारले नाही.

ती म्हणायची, "तुमच्या वाटणीचं मला कशाला? भट्टीपुढं तुमी उभं राहता." मी म्हणायचो, "गप पी. मला काय धाड भरलीय?" मग ती प्यायची.

दि. १५ रोजी गुरुवारची सुट्टी होती. सकाळी ९ वाजता ती म्हणाली, हातपाय जड झालेत, उठवत नाही. मला अशक्तपणा वाटला. मी दोन्ही पाकिटे एकदम तांब्यात कालवली, तिचे डोके मांडीवर घेतले व पाजली. साडेदहाला तिला धाप लागली. रिक्षाने दवाखान्यात नेले. ११.१० वाजता डॉक्टरांनी मयत घोषित केले.

डॉक्टरांनी सांगितले की, पावडरीत पोटॅशियम होते. किडनी ते बाहेर टाकत नव्हती, तिच्या गोळीनेही ते अंगात साठते. नारळपाणी त्यासाठीच बंद होते. पोटॅशियम वाढून हृदय थांबले.

साक्षी मला जेवायला वाढते, दोष देत नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

माझी कंपनी किंवा डॉक्टरांविरुद्ध तक्रार नाही. कोणावर संशय आहे का, असे विचारल्यावर मी माझे नाव सांगितले. साहेब म्हणाले, "भीमराजभाऊ, असं लिहिता येत नाही. तुम्ही मायेनं दिलंत." मी म्हणालो, "ते बी लिवा. पर मीच पाजलं, हे आधी लिवा."

जबाब मला मोठ्याने वाचून ऐकवला. सांगितला तसाच उतरला आहे, त्यातले काही खोडायचे नाही.