उत्तरापुरती जागा

बीपात्तू : आवाज वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. आवाज चांगलाच आहे. पण ते थांबत नाहीत रे सुगता, एवढंच माझं म्हणणं आहे.

सुगतन : कोण थांबत नाही, इत्ता?

बीपात्तू : आमचे हे. सैदाली.

सुगतन : सैदालीक्का जाऊन अठरा वर्षं झाली.

बीपात्तू : ते तू मला सांगतोस होय?

शौकत : सुगतनेट्टा, मी सांगतो. उम्माचं ऐकत बसलात तर तुमचं दुकान बंद करायची वेळ होईल. वडिलांची, उप्पांची एक कॅसेट होती, सौदीतल्या दम्मामहून पाठवलेली. पुरात बाकीच्या सगळ्या गेल्या, एवढी एकच उरली. तीही आता सडायला लागली होती. म्हणून मी या सुट्टीत कालिकतला एका स्टुडिओत नेऊन दिली. त्यांनी साफ करून फोनमध्ये घालून दिली. खरखर नाही, काही नाही. उप्पा शेजारी बसून बोलतायत असं वाटतं.

बीपात्तू : शेजारी बसून नाही बोलत. पळत पळत बोलतात. गाडी सुटायला आल्यासारखं.

सुगतन : किती मिनिटांची होती कॅसेट?

शौकत : एक बाजू पंचेचाळीस. त्याची त्यांनी अठ्ठावीस केली. मधली फालतू मोकळी जागा काढून टाकली. हल्ली आपोआप होतं ते, एक बटण दाबलं की झालं. ऐकणाऱ्याचा वेळ वाचतो.

सुगतन : तुमचा किती वेळ वाचला, इत्ता?

बीपात्तू : सतरा मिनिटं. ती मी कुठे नेऊन ठेवू, ते विचार याला.

शौकत : बघा, असं सुरू आहे चार दिवस. उद्या माझं विमान आहे आणि आज मला हा जुन्या टेपरेकॉर्डरचा डबा उचलून तिरूरच्या बाजारात तुमच्याकडे दुरुस्तीला यावं लागलं. घरात नवा स्पीकर आणून दिलाय. नुसतं तोंडाने सांगायचं, तो लावून देतो. काही विचारलं तर उत्तर देतो.

बीपात्तू : देतो तर. मी म्हटलं, अहो, ऐकताय ना? तर बाई म्हणाली, मला नीट समजलं नाही. म्हटलं हिच्यात आणि त्यांच्यात फरक काय? शेवटची सहा वर्षं घरी होते, पेपरच्या मागून हेच यायचं.

सुगतन : सैदालीक्का तसे कमीच बोलायचे.

बीपात्तू : घरी. टेपमध्ये बघ किती बोलायचे. सत्तावीस वर्षांचा संसार आम्ही टेपवर केला आणि सहा वर्षांचा घरात. आणि खरं सांगू, भांडणंसुद्धा टेपवरचीच बरी होती.

सुगतन : ती मोकळी जागा म्हणजे नक्की काय होतं? टेप बंद पडायची का मध्ये?

बीपात्तू : टेप कशाला बंद पडेल? ते थांबायचे. पहिली टेप आली ना, तेव्हा हे जे सुटले ते सुटलेच. पत्ता, पगार, भातात खडे, खोलीत आठ माणसं, मालक बरा आहे, उन्हाळा कडक आहे. श्वास म्हणून घेतला नाही. मी उलट टेप पाठवली आणि सांगितलं, तुम्ही निवडणुकीच्या जीपसारखे बोलता. समोर माणूस आहे की नाही याची पर्वाच नाही. मी मध्ये काही बोलायचं म्हटलं तर कुठे बोलू?

सुगतन : मग?

बीपात्तू : मग पुढच्या टेपपासून थांबायला लागले. विचारायचे, पात्तू, जेवलीस का? आणि थांबायचे. मी सांगायची, जेवले. मग विचारायचे, काय केलं होतंस, तारल्या? पुन्हा थांबायचे. मी सांगायची, मासे कुठले, नुसता उकडलेला कप्पा कंद आणि चटणी. खोलीतले बाकीचे त्यांना हसायचे म्हणे, सैदाली भिंतीशी गप्पा मारतो. पण थांबायचे. माझं बोलणं किती लांबतं याचा बरोबर अंदाज होता त्यांना. दिराची, अब्दुरहमानची तक्रार सांगायची असली तर जास्त जागा सोडायचे.

शौकत : पण उम्मा, त्यांना ऐकू थोडंच येत होतं?

बीपात्तू : नव्हतंच येत. मी काय खुळी आहे? ऐकू येत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. पण बोलले की मला बरं वाटायचं. आणि ते माझ्यासाठी थांबलेत, हे तर खरंच होतं ना? दिवसभर पावाच्या भट्टीशी उभा राहिलेला माणूस शुक्रवारी गप्प बसून वाट बघायचा. आता तुझ्या फोनमध्ये विचारतात जेवलीस का, आणि मी तोंड उघडते तोवर म्हणतात काय केलं होतंस. पुढे उत्तर न ऐकताच म्हणतात, बरं बरं. मी हो म्हणाले का नाही म्हणाले याच्याशी देणंघेणंच नाही. मला रडू आलं रे सुगता. गेले तेव्हा आलं होतं, त्यानंतर आत्ता.

शौकत : हे मला नाही सांगितलंस.

बीपात्तू : तू एवढा खर्च करून, हौसेने करून आणलंस. तोंडावर कशी सांगणार?

सुगतन : स्टुडिओवाल्याकडे मूळची असेल ना, साफ न केलेली?

शौकत : विचारलं मी. त्यांनी पुसून टाकली. काम दिलं की ठेवत नाहीत.

सुगतन : म्हणजे आता ही कॅसेट आणि हा डबा. आणा इकडे. अरे वा, हा तर मीच एकदा उघडलेला दिसतोय, हा स्क्रू माझा आहे. रबरी पट्टा वितळून गेलाय आतला. चिखल झालाय नुसता.

शौकत : मी तेच म्हणत होतो. याचे भाग कुठे मिळणार? एट्टा, तुमचं दुकान आहे म्हणून सांगत नाही, पण जुनं ते जुनं. शारजाला माझ्या दुकानात रोज येतात लोक, माझा जुना फोनच चांगला होता म्हणत. आठ दिवसांनी तेच नवा घेऊन मित्रालाही घेऊन येतात. मी रोज संध्याकाळी फोनवर माझ्या पोरीला समोर बघतो. तिचा पडलेला दात तिने मला त्याच मिनिटाला दाखवला. उप्पांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अडीच वर्षांचा होतो.

बीपात्तू : आणि त्यांना बघून पलंगाखाली शिरलास. घरात चोर आलाय म्हणून ओरडत होतास. ते खरंय. तुझी आजी गेली तेव्हा त्यांना कळायला अकरा दिवस लागले. ते दिवस परत यावेत असं मी कधी म्हणणार नाही. पण तुझ्या त्या फोनवर तू म्हणतोस ऐकू येतंय का, मी म्हणते येतंय, पोरगी म्हणते मला दे मला दे, तुझी बायको मागून वाणसामानाचं सांगते. सगळे एकदम. मग तुझं तोंड वाकडं होऊन तिथेच राहतं. ठेवल्यावर मला आठवत नाही तू काय म्हणालास.

शौकत : नेटवर्कमुळे होतं ते.

बीपात्तू : असेल.

सुगतन : शौकत, नवं आलं म्हणून गळा काढणाऱ्यातला मी नाही. ते पाठीमागे पोट असलेले टीव्ही उचलून माझी कंबर गेली. भिंतीवरचे सपाट आले तेव्हा मी देवाला नारळ फोडला होता. धंदा बुडाला, पण कंबर वाचली. जरा तो कापूस दे. आणि ती स्पिरिटची बाटली. हं. पट्टा सापडला बघ, दुसऱ्या डब्याचा आहे पण चालेल.

बीपात्तू : चालेल का, लागेल का, नीट सांग.

सुगतन : डबा चालेल, इत्ता. मला कॅसेटची काळजी आहे. बुरशी धरलीये टेपला. इथे दोन ठिकाणी चिकटवलेलीसुद्धा आहे.

बीपात्तू : ते मी. नखाला लावायचं रंगाचं पाणी लावून चिकटवली होती.

सुगतन : म्हणून टिकली. पण ही आता एकदा चालेल, फार तर. पुढे सरकताना मागे तुटत जाईल. दुसऱ्यांदा लावायला उरेल असं मी म्हणत नाही.

बीपात्तू : मग नको लावूस. असू दे अशीच.

शौकत : उम्मा, अशीच ठेवून काय उपयोग? लावू आणि लावतानाच फोनमध्ये भरून घेऊ. काही साफ करायचं नाही, काही कापायचं नाही. जशी आहे तशी. ही वायर टेपला लावा, दुसरं टोक माझ्या फोनला.

सुगतन : लाव की. कुठे लावतोस?

शौकत : अरे हो. याला वायरचं भोकच नाही.

सुगतन : का नाही? माझ्या फोनला होतं.

शौकत : आता नसतंच. कंपन्यांनी काढून टाकलं. त्याने पाणी जात नाही आत.

सुगतन : पाणी जात नाही आणि सैदालीक्काही जात नाहीत. इत्ता, तुमचा फोन कुठंय?

शौकत : एट्टा, चिडवू नका. उम्माच्या फोनलाही भोक नाही.

सुगतन : चिडवत नाही. माझा पडून फुटला म्हणून विचारतोय. ठीक आहे. मग हवेतून घ्यायचं. फोन स्पीकरसमोर धरायचा. पंखा बंद, शटर अर्धं खाली, बाहेर तो मासेवाला ओरडतोय त्याला मी सांगून येतो. आणि आत कोणी बोलायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. इत्ता, हे तुम्हाला.

बीपात्तू : मला कशाला?

सुगतन : ते थांबले की तुम्ही उत्तर द्याल. ते फोनमध्ये जाईल. मग जन्मभर तेच एक उत्तर राहील. आज जेवले म्हणालात, तर उद्या उपाशी असलात तरी जेवले.

बीपात्तू : रिकामी जागा रिकामीच पाहिजे म्हणतोस.

सुगतन : हो. आज एकदा गप्प बसा. उद्यापासून बोला.

बीपात्तू : एक्कावन्न वर्षांत त्यांना कधी उत्तराशिवाय ठेवलं नाही मी.

सुगतन : माहीत आहे.

बीपात्तू : शौकत, तू माझा हात धर. मी बोलायला लागले तर दाब.

शौकत : बस अशी. इकडे ये, बाकावर. धरला. एट्टा, फोन तुम्ही धरता का? माझा हात हिच्या हातात आहे.

सुगतन : दे. तो लाल दिसला म्हणजे चालू ना? बरं. आता शब्द नाही कुणाचा. यानंतर मीसुद्धा नाही.

(बटण खाली गेल्याचा आवाज. बराच वेळ नुसती खरखर. लांबवर कुणीतरी खोकलं आणि भांडं खाली ठेवलं.)

कॅसेट : अस्सलामु अलैकुम. पात्तू. आज शुक्रवार. आत्ताच आंघोळ करून बसलोय. खोलीतला कोया झोपलाय, म्हणून हळू बोलतो. तुम्ही सगळे बरे आहात का?

कॅसेट : अलहमदुलिल्ला. माझ्या उम्माचं गुडघ्याचं तेल पाठवलंय, अबूच्या हाती. तिला सांग, तोंडात घालायचं नाही ते, मागच्या वेळी चव बघितली म्हणे तिने. पात्तू, जेवलीस का?

कॅसेट : काय केलं होतंस? तारल्या?

कॅसेट : बरं बरं. मी आल्यावर रोज तारल्या आणीन. अब्दुरहमान अजून कुंपणावरून भांडतो का? सांग, सगळं सांग, मी ऐकतोय.

कॅसेट : हं. तू गप्प राहा. मी त्याला पत्र लिहितो. आता शौकतला पुढे बसव. बसला का?

कॅसेट : शौकत. उप्पा बोलतोय. तुझ्यासाठी बूट घेतलेत, चालताना टाचेत लाल दिवा लागतो. अंधारात घाल. शाळेत मारामारी करू नको. आणि एक विचारायचं होतं. त्या दिवशी मी पहाटे निघालो. तू झोपला होतास. उठवलं असतं तर तू रडला असतास, आणि मग मला जाता आलं नसतं. म्हणून नाही उठवलं. तू माझ्यावर रागावलायस का?

बीपात्तू : ही पहिल्यांदा लावली तेव्हा तू उठून विहिरीकडे पळालास. काही बोलला नाहीस.

सुगतन : श्श.

बीपात्तू : थांबलेत ते. बोल ना.

शौकत : नाही, उप्पा. नाही रागावलो.

कॅसेट : बरं. मग आता उम्माला पुढे बसू दे.