ठोंब्याची चोच

नको, तशी मान धरून उचलू नकोस त्याला — खालून, पोटाखाली हात घाल, हां, आणि ठेव इथं काचेवर. चोच हरवली नाही ना? पुडीत आणलीस, शहाणी आहेस. बस त्या स्टुलावर. डिंक वाळायला वेळ लागतो, आणि माझे हातही आता पळत नाहीत. कागदाचं असलं तरी बदक चांगलं आहे. चांगलं म्हणजे — मीच केलंय ते. पूर्वी कोचांना कापड लावायचो, गुडघे वाकेनासे झाले तसा या दुकानात मागं बसून भेटवस्तूंना कागद लावतो. सासूबाईंना न सांगता आणलंस? बरं केलंस. नाही, सहज म्हटलं.

खोक्याला चौकोनी कागद काय, कुणीही लावतं. पण हातात घेताच आत काय ते कळलं, तर मजा कसली? बाटली असली की मी जुन्या शर्टाची बाही कापतो, बाटली आत सारायची, वर कफाचं बटण लावायचं — माणूस हात मिळवायलाच पुढं होतो. छत्रीचं गाजर केलं. बॅटची मगर केली, तर ज्याचा वाढदिवस तो पलंगाखालून बाहेरच येईना. एका बाईंना फुटबॉलचा कोबी करून दिला, हिरवी पानं एकावर एक — घरच्यांनी तो फ्रिजमध्ये ठेवून दिला, आणि पोरगं फुटबॉल फुटबॉल करून रडतंय. तेव्हाच मला कळायला हवं होतं. काय कळायला हवं होतं? की इतकंही बेमालूम करू नये, की समोरच्याला — जाऊ दे. लग्न गेल्या वर्षीच झालं ना तुमचं? तूच म्हणालीस की. नाही म्हणालीस? मग ऐकलं असेल कुठंतरी.

जड आहे, हो. काय म्हणतात सासूबाई — पोटात दगड आहे? नीट उभं राहावं म्हणून? दगड म्हणाली ती. अगं, ताईला द्यायच्या वस्तूत मी दगड घालीन का — झालं, गेलं तोंडातून. हो बाई, मी तुझ्या सासूचा धाकटा भाऊ. तुझा मामेसासरा. उठू नकोस, काच हलते.

भांडण कसलं, भांडणसुद्धा नाही. ताई नोकरीतून निवृत्त झाली तेव्हा, तू या घरात यायच्या आधी, घरी सगळे जमले होते. तिच्या दिरानं मिक्सर आणला, शेजाऱ्यांनी घड्याळ, मी हे बदक. ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "सगळ्यांनी वस्तू आणल्या, आमच्या भावानं कागद आणला." सगळे हसले. आता मी काय म्हणायचं? उघड, एवढंच म्हणायचं. पण माझं नाक कापलं ना — जेवलो नाही, तसाच निघालो. म्हटलं, उघडेल तेव्हा कळेल, मग येईल आपणहून. ती बसलीय मी कधी येतो म्हणून, मी बसलोय ती कधी फाडते म्हणून. आणि ती फाडणार कशी? हे उघडायचं असतं हेच तिला ठाऊक नाही. जोड कुठं दिसूच दिला नाही मी. कोच शिवलेला हात, दुसरं काय.

किटली आहे आत. शिट्टीची. तोटीवर मान बसवली, मुठीवर शेपूट. ताई चहाचं पाणी ठेवते आणि विसरते, लहानपणापासूनची खोड — परवाच पातेलं जाळलं म्हणतेस? बघ. खाली पातेली जळतायत आणि शिट्टी वर कपाटावर बसून बघतेय.

मग फाडू? सुरी दे ती. शेपटीखाली एक चीर दिली की झालं, तुझ्या सासूची पातेली वाचतील आणि माझंही — का नको? रोज पुसते? ओल्या फडक्यानं नाही ना? बरं. बोलते त्याच्याशी? रागावते? बदकाला? काय म्हणून हाक मारते म्हणालीस?

ठोंब्या.

काही नाही, डिंक गेला डोळ्यात. लहानपणी मला म्हणायची ती. आईसुद्धा नाही म्हणायची, फक्त ताई. "ठोंब्या, जेवलास का?" असं विचारते रोज? आणि मग चिडून तोंड भिंतीकडं करून ठेवते. संध्याकाळी परत वळवते? — हो, ताईच ती.

ठेव ती सुरी तिकडं. नाही फाडत. चोच बसली बघ, जराशी तिरकी, असू दे, माझंही तोंड काही सरळ नाही. पोटातलं सांगू नकोस तिला, दगड म्हणते तर दगड. शेजारच्या दुकानात मिळतात तसल्या किटल्या, दुसरी घेतो आणि मीच येतो घेऊन. कागद? छे. कागद नको, फीत नको, काही नको. लांबून दिसली पाहिजे हातात, किटली म्हणजे किटली. दार लावून घेतलं तर बाहेर उभा राहीन आणि खिडकीच्या काचेतून दाखवीन. दोन होतील? होऊ दे, एक वाजेल, एक ऐकेल.

तू हो पुढं, ऊन वाढायच्या आत. तिला म्हणावं, ठोंब्या अजून जेवला नाही. जा आता, माझ्याकडं बघत बसू नकोस. आणि जाताना तो पडदा ओढून घे — शर्ट बदलायचाय मला.