म्हसवडला न पोचलेला रिपोर्ट

उदयसिंह : हात लावायचा न्हाई. आधी काय करणार ते सांगायचं, मग बसायचं.

क्रांती : मेलचा सर्व्हर रोज का बसतोय ते बघणार. तुमच्या मोठ्या डॉक्टरांनीच आमच्या सांगलीच्या कंपनीला बोलावलंय.

उदयसिंह : कंपनीत दुसरं माणूस न्हवतं?

क्रांती : हुतं. मी मागून घेतलं हे काम.

उदयसिंह : बापाची फजिती बघायला.

क्रांती : बाप कुठला? माझ्या लग्नादिवशी आपल्या गावाकडं पलूसच्या चौकात तुमीच सांगत हुता, मला लेक न्हाई म्हणून. खुर्ची सरका.

उदयसिंह : निम्मं आयुष्य फौजेत सिग्नलला काढलंय म्या. बर्फात वायरलेस चालू ठेवलाय. रिटायर होऊन मिरजेला ह्या दवाखान्यात आलो आन ह्यो सर्व्हर हुबा केला. दुपारी जरा जड हुतोय, बंद करून चालू केला की परत पळतोय. ह्याला बिघाड म्हणत न्हाईत.

क्रांती : मग काय म्हणत्यात?

उदयसिंह : मेंटेनन्स.

क्रांती : रोज? आन मेमरी दोनदा वाढवून घेतली ती?

उदयसिंह : लोड वाढलाय. रिपोर्ट, एक्सरेचे फोटो, समदं मेलनंच जातंय आता.

क्रांती : लोड न्हवं. हे बघा, सकाळधरनं एकच प्रोग्रॅम मेमरी खात सुटलाय. मेलसंगं येणाऱ्या-जाणाऱ्या फाईली तपासणारा. कुणी लिवलाय?

उदयसिंह : म्या.

क्रांती : वाटलंच.

उदयसिंह : वाटलंच म्हंजे? त्याच्या जोरावर एक व्हायरस आत शिरला न्हाई आजपतोर!

क्रांती : वरडू नगा. ही ओळ वाचा. फाईल तपासायला मेमरी घेताय आन काम झालं की पार शेवटी परत देताय. पर फाईल लय मोठी असली, उघडली न्हाई, की प्रोग्रॅम मधनंच माघारी फिरतोय. शेवटापतोर जातच न्हाई. घेतलेली मेमरी तशीच अडकून ऱ्हाती. दुपारपतोर समदी भरती.

उदयसिंह : मग घाल तितं एक ओळ आन चालू लाग.

क्रांती : एवढ्यावर भागत न्हाई. तुमी सर्व्हर बंद करताय तवा तपासणीत अडकलेलं मेल कुठं जात्यात?

उदयसिंह : जात्यात कुठं? थांबत्यात.

क्रांती : न्हाई थांबत. मेल डिस्कवर लिवून ठेवायच्या आधीच तुमचा सर्व्हर सांगतोय, गेला म्हणून. बंद केला की मेल पुसून जातोय. लॅबवाल्यांना वाटतंय पोचला. तिकडं गावचा डॉक्टर वाट बघत बसतोय.

उदयसिंह : कशावरनं?

क्रांती : माझ्या नवऱ्यावरनं. सिदनाथ म्हसवडवरनं आलता मोटरसायकलीवर. त्याच्या वडलांच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तुमच्याच लॅबमधी तपासायला दिलाता. लॅबवाले म्हणालं मेल कवाच केलाय, कॉम्प्युटरवाल्यांना इचारा. म्हणून त्यो ह्या खिडकीत आला. काय सांगितलं तुमी त्याला?

उदयसिंह : समद्यांना सांगतो तेच. रिपोर्ट गेलाय, तुमच्या डॉक्टरचं नेट बघा.

क्रांती : समद्यांच्या तोंडावर खिडकी लावताय?

उदयसिंह : धनगराच्या पोरानं माझी लेक नेली. त्याला काय पाट मांडू?

क्रांती : पाट नगं हुता. रिपोर्ट पायजे हुता. शेवटी मामंजी मेंढरं घेऊन माळाला गेलं. म्हणालं, काय वंगाळ असतं तर डाक्टरनं कळवलं नसतं का? गाठ वाढलीया त्यांची, आबा.

उदयसिंह : म्या मुद्दाम न्हाई केलं.

क्रांती : मेलचं मुद्दाम न्हाई. खिडकीचं मुद्दाम.

उदयसिंह : तुझ्या साहेबाला फोन लावतो. हितं कामाला आलीस का भांडायला, इचारतो.

क्रांती : लावा. ह्यो घ्या माझाच फोन. आन आत जाऊन मोठ्या डॉक्टरांना पण सांगा, तुमच्या मेंटेनन्समधी किती जणांचं रिपोर्ट गेलं ते. का मी सांगू?

उदयसिंह : लय जीभ चालाय लागलीया.

क्रांती : तुमचीच हाय. सरका आता. ...ही ओळ घातली. आन मेल डिस्कवर लिवल्याबिगार गेला म्हणायचं न्हाई, ते पण बदललं. करा चालू.

उदयसिंह : केला.

क्रांती : आता लॅबला सांगा. हा प्रोग्रॅम बसवल्यापास्नंचं समदं रिपोर्ट परत पाठवायचं. पयला म्हसवडचा.

उदयसिंह : नाव?

क्रांती : ठावं हाय तुमास्नी.

उदयसिंह : हॅलो, लॅब? उदयसिंह बोलतोय. त्यो म्हसवडचा रिपोर्ट... जोतीराम. व्हय, गाठीचा. परत पाठवा. म्हायती हाय तुमी पाठवलाता. न्हाई, तुमची चूक न्हाई. हितली हाय.

(दुपार उलटते. सर्व्हर बसत नाही. क्रांतीचा फोन वाजतो.)

क्रांती : बोला डॉक्टर. व्हय, सूनच बोलतीया. आला का? ...बरं. ...बरं. उद्याच? आणतो.

उदयसिंह : काय म्हणालं?

क्रांती : कॅन्सर हाय. हितं मिरजेलाच आणा म्हणालं. ऑपरेशन करायला लागंल.

उदयसिंह : उशीर झाला का?

क्रांती : ते ऑपरेशनात कळंल म्हणालं.

उदयसिंह : उतरणार कुठं?

क्रांती : दवाखान्याच्या मागं लॉज हाय.

उदयसिंह : लॉजवर आजारी माणसाचं कोण बघणार? तुझी आई दिवसभर हितं मिरजेच्या घरातच असती. माडीवरची खोली मोकळी हाय.

क्रांती : ठावं हाय. माझीच हुती ती.

उदयसिंह : मग सांग की त्यास्नी.

क्रांती : मी न्हाई सांगणार. कुठल्या तोंडानं सांगू? बोलवायचं आसंल तर तुमी बोलवा. मामंजींशी सोता बोला.

उदयसिंह : आन त्यांनी फोन ठेवला तर?

क्रांती : तर ठेवत्याल.

उदयसिंह : ...नंबर सांग.