मला झोंबत का नाही?

…नाही हो, गुडघा दुखायचा त्याची तक्रारच नाही माझी. दुखणं मी स्वतः कमावलेलं आहे, चाळीस वर्षं शिवणयंत्राचं पायडल मारून. माझी तक्रार वेगळीच आहे. मला झोंबत नव्हतं! हसा, हसा… जगात माणसं झोंबतंय म्हणून रडतात, मी झोंबत नाही म्हणून रडत होतो.

त्याचं काय झालं, माझी मुलगी राहते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बहात्तर पायऱ्या. तुम्ही म्हणाल, मोजल्या कशा? वर चढता येत नाही तो माणूस खाली उभा राहून दुसरं करणार काय? आणि वर चार महिन्यांची नात. तिला दोनदा खाली आणली तेव्हा बघितली, दोन्ही वेळा झोपलेली. तीन झबली शिवून वर धाडली, तर जावई फोनवर म्हणतो, "बाबा, तिसरं लहान होतंय." म्हणजे बघा, माप न घेता शिवायची पाळी आली माझ्यावर, तीही सख्ख्या नातीसाठी!

तेवढ्यात आमचे साडू बातमी घेऊन आले. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, गुडघा त्यांचाही गेलेला, पण त्यांचं सगळंच माझ्यापेक्षा भारी असतं, दुखणंसुद्धा. "साडूभाऊ, इस्पितळात मिरचीच्या मलमाची चाचणी आहे. सहा आठवडे. चला, नाव घालू." गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई समजावून सांगायला लागल्या, की मिरचीचा तिखटपणा ज्याच्यामुळे येतो त्याला म्हणतात कॅप्सेसिन, ते रोज कातडीवर चोळलं की दुखण्याची वर्दी पोचवणाऱ्या नसा आधी खवळतात, आणि मग हळूहळू थकून गप्प बसतात. मी म्हटलं, बाई, बोलून बोलून थकून गप्प बसलेलं आमच्या घरात तरी मी कोणी पाहिलेलं नाही. ही शेजारीच बसलेली होती. असो.

तर निम्म्या लोकांना खरी ट्यूब, निम्म्यांना साधी, नुसतं मलम. कोणाला कुठली ते आपल्याला माहीत नाही, सिस्टरना माहीत नाही, बाईंनासुद्धा नाही, सगळी आंधळी कोशिंबीर. सिस्टरनी बजावलं, "लावल्यावर हात साबणानं धुवायचे, डोळ्याला हात नाही, लहान मुलांना तर नाहीच नाही. आणि दर आठवड्याला कागदावर लिहायचं, दुखणं किती, झोंबणं किती, दहापैकी." साडूंना चौदा नंबरची ट्यूब, मला पंधरा.

पहिल्याच दिवशी साडूंचा फोन. "साडूभाऊ… आई गं… झोंबतंय का?"

मी गुडघ्याकडे बघितलं. गुडघा माझ्याकडे बघतोय. "झोंबतंय की!" म्हटलं. सरळ खोटं!

आणि मग ते सुरूच झालं हो. सकाळ नाही, दुपार नाही, फोन वाजला की पलीकडून "स्स्स… हा हा… झोंबतंय का?" मेहुणीबाई मागून सांगतात, "पंख्याखाली पाय धरून बसलेत, जेवायला उठेनात." आणि मी इकडे दिवसातून चार वेळा इमानेइतबारे चोळतोय, वाट बघतोय, कान लावून ऐकतोय म्हणा… काही नाही! मनात पाल चुकचुकली. आली आपल्या नशिबात साधी ट्यूब. आता खरी ट्यूब लावून हा साडू चढणार बहात्तर पायऱ्या, माझ्या आधी माझ्या नातीला खेळवून येणार, आणि वर मला सांगणार ती कशी हसते ते! कागदावर झोंबण्याच्या रकान्यात मी दर आठवड्याला सात लिहीत गेलो. साडूंनी नऊ लिहिलेलं मी वाकून बघितलं होतं.

पाचव्या आठवड्यात माझा धीर सुटला. हिच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरचीची झाडं आहेत, बोटाएवढ्या मिरच्या, पण एक चावली तर माणसाला वाडवडील आठवावेत. ही आंघोळीला गेलेली बघून आठ तोडल्या, खलबत्त्यात कुटल्या, तेलात कालवल्या, आणि चोळल्या गुडघ्यावर. हात धुतले, नाही असं नाही, नुसत्या पाण्यानं.

आणि काय सांगू तुम्हाला… झोंबलं! अहो काय झोंबलं! मी घरभर नाचलो. आनंदानं की आगीनं ते विचारू नका. एका जागी उभं राहवेना, बसवेना, चपला घातल्या आणि निघालो ते थेट मुलीच्या दारात. पायऱ्या? पायऱ्या कसल्या मोजता, मागे आग लागल्यासारखा चढलो! चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा ध्यानात आलं की अरे, आपण चढलो.

कपाळावर हा घाम. तो पुसला. हातानं. आणि हात तसाच खाली आला डोळ्यांवर.

मुलीनं दार उघडलं तर बाप दारात उभा, दोन्ही हात वर, डोळ्यांतून धारा. "अगं बाई, बाबा! चढून आलात?" ती रडायला लागली, जावई रुमाल शोधायला लागला, समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी बाहेर आल्या, "नातीची माया हो, दुसरं काय!" आणि नात… नात जागी! टकामका बघतेय माझ्याकडे, हसतेय, दोन्ही हात पुढे करून झेपावतेय. आणि मी ओरडतोय, "देऊ नका! माझ्याकडे देऊ नका!" इतके महिने ज्यासाठी जीव टाकला ते वीतभर अंतरावर, आणि हाताला मिरची. मग सगळं सांगावं लागलं. आधी हुंदके देत होते ते आता पोट धरून हसायला लागले.

सहाव्या आठवड्यात बाईंपुढे सगळं कबूल केलं. मिरच्या, खलबत्ता, सात आकडा, सगळं. बाईंनी माझ्या कागदावर शांतपणे काट मारली. चाचणी उरकल्यावर सगळ्यांच्या ट्यूबा जाहीर झाल्या. चौदा नंबर… साधी. हो! साडूंची! सहा आठवडे पंख्याखाली पाय धरून बसले ते नुसत्या मलमाला! आणि पंधरा नंबर खरी. "आजोबा, काहींना कमी झोंबतं," बाई म्हणाल्या, "पण दुखण्याच्या रकान्यात तुम्हीच काय लिहिलंय ते बघा." बघितलं. आठ, आठ, सहा, पाच, चार, तीन. माझंच अक्षर. गुडघा बरा होत होता हो, मी मात्र झोंबणं मोजत बसलो. ही म्हणाली, "यांचं कातडंच तसं आहे, माझं बोलणं तरी कधी झोंबलंय?"

परवा गेलो. बहात्तर पायऱ्या, मोजून, सावकाश. हात घरी साबणानं तीनदा धुतलेले, तिथे परत दोनदा. मुलीनं नातीला माझ्या हातांत दिली. वजन किती म्हणाल, दोन ताग्यांएवढंसुद्धा नाही. तिनं माझं बोट धरलं, सुईनं चाळण झालेलं, आणि घट्ट धरून ठेवलं… आणि माझे डोळे असे भरून आले म्हणून सांगू, समोरची भिंत दिसेना. खरेखुरे. आयुष्यात पहिल्यांदा.

तर मुलगी स्वयंपाकघरातून डोकावून म्हणते, "बाबा, परत मिरची? झोंबतंय का?"

आता काय सांगणार… म्हटलं, "हो गं. जरा झोंबलंच."